विधी सहाय्यकाचे काम : सुरुवात कशी करावी?



आपल्या देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आज दोन गोष्टी घरोघर सापडतात. एक म्हणजे बारावी किंवा बी. ए., बी. कॉम. होऊन भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणारा मुलगा वा मुलगी. दुसरी म्हणजे कपाटात, नाहीतर पत्र्याच्या पेटीत पडलेली कागदांची पिशवी. पिशवीत काय असते? आजोबांच्या वेळचा सातबारा, अर्धवट राहिलेली वारसनोंद, सोसायटीच्या कर्जाची जुनी पावती, बांधाच्या वादातली एखादी नोटीस आणि कुठल्या तरी हुकमाची झेरॉक्स. पोराला काम नाही आणि पिशवीला वाली नाही. या दोघांची गाठ घालून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वकील नसताना कायद्याच्या कामात कागदपत्रांची, अर्जांची आणि तारखांची मदत करणाऱ्या माणसाला शहरात पॅरालीगल म्हणतात. मराठीत विधी सहाय्यक म्हणता येईल. गावात त्याला साधे नाव आहे : कोर्टकचेरीचं कळणारा माणूस. असा माणूस होण्यासाठी काय शिकावे लागते, कुठे शिकायला मिळते, त्यात पोट भरते का आणि कुठे थांबावे लागते, हे क्रमाने पाहू.

हे काम आपल्या जिल्ह्याला नवे नाही

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्याची सुरुवात १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाली आणि लोण पारनेर, श्रीगोंदे भागात पसरले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर आणि खतांवर होता. ती मिळवून त्यांनी जाळली. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, आणि त्याच कागदावर कोर्टात एकतर्फी हुकूमनामे होत होते.

पुढे १८७९ साली सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या कायद्याने ग्रामनिबंधक नेमले. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला नसेल तर तो पुराव्यात घेतला जात नसे. म्हणजे दस्त लिहिताना एक जाणकार माणूस शेजारी असावा, ही गरज दीडशे वर्षांपूर्वीच मान्य झाली होती. तो कायदा आता इतिहासजमा झाला. गरज मात्र शिल्लक आहे. आज अंगठ्याच्या जागी सही आली, पण न वाचता सही करण्याची सवय गेलेली नाही.

काम कोणते आणि कोणते नाही

विधी सहाय्यकाचे काम म्हणजे कागद गोळा करणे, ते तारखेच्या क्रमाने लावणे, अर्जाचा मसुदा करणे, नकला काढणे, नोटिशीतील मुदत काढून ती वेळेत वकिलाच्या नजरेस आणणे, आणि पक्षकाराला पुढची पायरी समजेल अशा भाषेत सांगणे.

वकिली करणे हे त्याचे काम नाही. १९६१ च्या वकील कायद्याप्रमाणे न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार सनद घेतलेल्या वकिलालाच आहे. अधिकार नसताना वकिली केली तर त्याच कायद्याच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून "मी तुमची केस लढवतो" किंवा "निकाल लावून देतो" असे शब्द विधी सहाय्यकाच्या तोंडी कधी येता कामा नयेत. दवाखान्यात कंपाउंडर जसा डॉक्टर होत नाही, तसेच हे आहे. पण चांगल्या कंपाउंडरवाचून डॉक्टरचेही अडते, हेही तितकेच खरे.

सुरुवातीच्या तीन वाटा

पहिली वाट विधी स्वयंसेवकाची. राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने कलम ३९अ आले आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्या कायद्याखाली जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ साली पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे विधी स्वयंसेवक, ही योजना सुरू केली. शिक्षण साधारणपणे किमान दहावी अपेक्षित असते. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातील महिला, कायद्याचे विद्यार्थी अशा लोकांना त्यात घेतात. निवड झाल्यावर प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळते. राजकीय पक्षात सक्रिय असलेल्याला येथे जागा नाही. आपल्या भागात ही अट अवघड वाटेल, पण ती योग्य आहे. मदत मागायला येणाऱ्याने "हा कोणत्या गटाचा" असा विचार करत दारात उभे राहू नये.

दुसरी वाट वकिलाच्या कारकुनाची. ही सर्वांत जुनी आणि हात घडवणारी वाट. तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या एखाद्या जुन्या, शिस्तीच्या वकिलाकडे दोन वर्षे उमेदवारी करावी. दाव्याचे कागद कसे लावायचे, तिकिटे किती लागतात, नकलेचा अर्ज कसा करायचा, रोजनामा कसा वाचायचा, समन्सचा भत्ता कधी भरायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. तारखेला कोर्टात उभे राहूनच येते.

तिसरी वाट शिक्षणाची. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने बारावीनंतर घरी राहून करता येणारी पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका चालवली आहे. चालू वर्षी प्रवेश खुले आहेत का आणि माध्यम कोणते, हे विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात विचारून मगच पैसे भरावेत. पुढे वकीलच व्हायचे असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कारकुनी करून मग कायदा शिकलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून कागदाची भीती नसते, हा त्याचा मोठा फायदा.

पहिल्या वर्षाचा अभ्यास

शेतकऱ्याच्या घरातील मुलाने अभ्यासाची सुरुवात जाड पुस्तकापासून करू नये. घरच्या पिशवीपासून करावी.

१) सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे तीन कागद एकमेकांशी जुळवून वाचायला शिका. सातबाऱ्यावर नावाजवळ लहान आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. प्रत्येक फेरफाराचा उतारा काढा आणि जमीन आजोबांपासून आजपर्यंत कशी आली, याची एका पानावर हकीकत लिहा. हे एक पान ज्याला बिनचूक जमले, त्याचा निम्मा अभ्यास झाला.

२) कोणते काम कोणाच्या दारात चालते हे पाठ करा. नोंदीचे काम तलाठ्याकडे. या पदाला शासनाने २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे. हरकत आली तर मंडल अधिकारी, त्यावर अपील प्रांताकडे. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा पाट अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदार. मालकी हक्काचा वाद दिवाणी न्यायालयात. सहकारी संस्थेच्या कारभाराबाबत सभासद आणि संस्था यांचा वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. चुकीच्या दारात दोन वर्षे गेली, तर बरोबर दाराची मुदत संपून जाते.

३) मोबाईलवरच्या सोयी शिका. ई-कोर्ट सेवेत प्रत्येक खटल्याला १६ अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले हुकूम घरबसल्या दिसतात. "तारीख कधी आहे" एवढे विचारायला म्हाताऱ्या माणसाने एस.टी.ने खेप घालण्याचे आता कारण उरले नाही.

४) फौजदारी कायद्यांची नवी नावे माहीत करून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि फौजदारी प्रक्रिया व पुराव्याचे कायदेही बदलले. जुन्या गुन्ह्यांच्या कागदांत जुनी कलमे राहतील, म्हणून दोन्ही ओळखता आली पाहिजेत.

मुदतींचा तक्ता

पुढील तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

मृत्यूची नोंद : २१ दिवसांत. त्यानंतर विलंब शुल्क व जादा कागद लागतात.
वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तलाठ्याकडे : ३ महिन्यांत.
फेरफाराच्या नोटिशीवर हरकत : १५ दिवसांत.
मंडल अधिकारी किंवा तहसीलदार यांच्या महसुली हुकमावर पहिले अपील : ६० दिवसांत.
रस्ता किंवा पाणी अडवल्याचा मामलेदार कोर्टातील दावा : ६ महिन्यांत.
दस्त नोंदणीसाठी हजर करणे : सही झाल्यापासून ४ महिन्यांत.
दिवाणी दाव्याचे समन्स मिळाल्यावर कैफियत : ३० दिवसांत. न्यायालयाने वाढवून दिल्यास ९० दिवसांपर्यंत.
दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील : ३० दिवसांत.
माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर : ३० दिवसांत. पहिले अपील त्यानंतर ३० दिवसांत.

मुदत नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची आणि उशीर माफ होतो का, हे वकिलाला विचारावे. पण "मुदत चाललीय" हे वेळेवर ओळखणे विधी सहाय्यकाचे काम. म्हणूनच नोटीस हाती पडली की तिच्यावर मिळाल्याची तारीख घालावी आणि पाकीटही जपून ठेवावे. पुष्कळ घरांत पाकीट चुलीत जाते आणि नोटीस कधी मिळाली हा वादच मग वर्षभर चालतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, तीन एकर बागायत असलेला एक सभासद वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन दिल्या घरी गेलेली एक मुलगी. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कागदाचा विषय कोणी काढत नाही. वर्ष जाते. मग उसाचे बिल वडिलांच्या खात्यात अडकते, सोसायटी नवे पीककर्ज देत नाही, आणि धाकटा म्हणतो थोरल्याने मुद्दाम नोंद केली नाही. या घरात चांगला विधी सहाय्यक असता तर त्याने काय केले असते?

पहिल्या आठवड्यात मृत्यूची नोंद करून दाखल्याच्या पाच-सहा प्रती घेतल्या असत्या. मग सर्व वारसांची नावे, वय, नाते आणि पत्ते एका कागदावर लिहून वारसनोंदीचा अर्ज दिला असता आणि अर्जाची पोच घेतली असती. कारखान्यात जाऊन शेअर कोणाच्या नावे वारस लावलेला आहे ते पाहिले असते, शेअर वर्ग करण्याचा अर्ज केला असता आणि उभ्या उसाची नोंद कोणाच्या नावे करायची हे सर्वांच्या सहीने कळवले असते. सोसायटीतून कर्जाचा खातेउतारा घेतला असता. वडिलांच्या कर्जाची वारसाची जबाबदारी साधारणपणे त्यांच्याकडून आलेल्या मिळकतीपुरती असते, हेही घरच्यांना सांगितले असते, म्हणजे निम्मी धास्ती तिथेच गेली असती. आणखी एक गोष्ट सांगितली असती : नॉमिनी लावला म्हणजे बाकीच्या वारसांचा हक्क संपला असे होत नाही.

आता खरी कसोटी बहिणीच्या नावाची. "तिचं नंतर बघू" असे म्हणून अर्जातून मुलीचे नाव गाळण्याची रीत अजून गेलेली नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. म्हणून विधी सहाय्यकाने गाळलेल्या नावाचा अर्ज लिहू नये, मग सांगणारा सख्खा चुलता असो की गावचा पुढारी. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तिने समजून-उमजून, राजीखुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. त्यात काय लिहिले आहे ते सही करण्याआधी तिला मोठ्याने वाचून दाखवावे. आणि तिच्यावर दडपण येत असेल तर तिला सांगावे की, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कामगार आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना शासनाने ठरवलेल्या उत्पन्न मर्यादेत ही मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे.

अशी भांडणे वाढण्याआधी लोकअदालतीत मिटली तर उत्तम. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके बळ असते, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण अपील नसते म्हणूनच तडजोडीचा कागद सहीपूर्वी दोनदा वाचावा.

कारखान्याच्या कागदांनाही हाच नियम

सभासदाने आपल्याच कारखान्याचे कागदही डोळे उघडे ठेवून वाचावेत. वजनाची पावती, ऊसनोंदीचा करार, कपातीचा तपशील आणि वार्षिक अहवाल जपून ठेवावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, लेखी करारात वेगळे ठरले नसेल तर ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किंमत द्यायची असते, आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागते. म्हणजे आपण कोणत्या करारावर सही केली यावर बरेच अवलंबून आहे. सभासद जागा असला तर सहकार टिकतो. सर्वसाधारण सभेत आवाज चढवण्यापेक्षा हातात कागद धरून विचारलेला एक प्रश्न जास्त वजनाचा असतो.

पाळायची पथ्ये

१) कोणाचा मूळ कागद घरी ठेवून घेऊ नये. झेरॉक्स घ्यावी, मूळ परत द्यावे. नाइलाज असेल तर पावती करून द्यावी.
२) को-या कागदावर किंवा को-या स्टॅम्पवर कोणाची सही, अंगठा घेऊ नये. आपलीही देऊ नये.
३) एकाच वादात दोन्ही बाजूंचे काम धरू नये.
४) विधी स्वयंसेवक असताना लाभार्थ्याकडून एक रुपयाही घेऊ नये. चहा पाजला तर प्यावा, पाकीट घेऊ नये.
५) "साहेब आपल्या ओळखीचे आहेत" हे वाक्य उच्चारू नये. या एका वाक्याने विधी सहाय्यकाचा दलाल होतो.
६) एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी, पारावर किंवा काट्याजवळच्या गप्पांत सांगू नये.

पोटापाण्याचे काय?

हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. विधी स्वयंसेवकाला मिळते ते मानधन, तेही नेमून दिलेल्या कामाच्या दिवसापुरते. ती नोकरी नव्हे आणि त्यावर घर चालत नाही. ती शाळा समजावी. वकिलाच्या कारकुनाला सुरुवातीला पगार थोडा असतो आणि तो वकिलाच्या कामाच्या पसाऱ्यावर ठरतो. मात्र हात बसला की वाटा वाढतात. पतसंस्था आणि बँकांचे वसुली विभाग, साखर कारखान्यांची शेती व कायदा खाती, बिल्डरांची आणि कंपन्यांची कार्यालये, शहरातील वकिलांच्या कचेऱ्या येथे कागद वाचणारा, मराठीत शुद्ध मसुदा करणारा आणि संगणकावर टंकलेखन करणारा माणूस लागतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही टंकलेखन येत असेल तर उमेदवारीच्या काळातही हातखर्च निघतो. शेती सोडून हे करा असे आमचे म्हणणे नाही. घरची शेती सांभाळून आठवड्यातले तीन-चार दिवस कोर्टात देता आले तरी सुरुवात होते.

मुलींसाठी तर हे काम विशेष उपयोगी आहे. नवऱ्याने टाकलेली, सासरी छळ होणारी किंवा वारसनोंदीतून गाळलेली बाई आपले दुःख पुरुष कारकुनापुढे मोकळेपणी सांगत नाही. गावातली एखादी शिकलेली मुलगी किंवा सून समोर बसली तर सांगते.

या महिन्यात एवढे करा

घरातील कागदांची पिशवी उघडा, तारखेप्रमाणे लावा आणि यादी करा. सातबारा, आठ-अ व सर्व फेरफार काढून जमिनीची एका पानाची हकीकत लिहा. राहुरीच्या न्यायालयात जाऊन तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे ते विचारा. दोन-तीन दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसून कामकाज ऐका, कोणी हरकत घेत नाही. पुढे एखाद्या वकिलांना भेटून उमेदवारीबद्दल विचारा, आणि जाताना ते एक पान बरोबर न्या. शिफारसपत्रापेक्षा त्या पानाने जास्त काम होईल.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांचे खरे होते. पण ज्या घरात कागद जागच्या जागी आणि तारीख वेळच्या वेळी सांभाळली जाते, त्या घराला पायरी चढण्याची वेळ मुळात कमी येते, आणि आलीच तर ते घर मोकळ्या हाताने परत येत नाही. आपल्या प्रत्येक वस्तीवर असा एक तरी सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी तयार व्हावी. सभासदांनी हा लेख घरातील शिकलेल्या मुलांना वाचायला द्यावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्या मुलांनी तो वाचून दाखवावा. त्यांच्या कामाची सुरुवात तिथूनच होईल.